‘विषाणू नाही’, तरीही धोका : दूरस्थ व्यवस्थापन साधनांच्या वर्गीकरणाची चिकित्सा

सारांश

दुरून संगणक हाताळण्यासाठी तयार केलेली अधिकृत साधने अँटिव्हायरस प्रणालींकडून वारंवार धोकादायक ठरविली जातात. सामान्यतः याकडे तांत्रिक त्रुटी म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न त्रुटीचा नसून वर्गीकरणाचा व वर्गीकरणाच्या भाषेचा आहे, अशी भूमिका मांडली आहे. अँटिव्हायरसला प्रोग्रामचे सामर्थ्य दिसते. परंतु तो चालविणारी व्यक्ती आणि ज्याच्या संगणकावर तो चालतो ती व्यक्ती यांच्यातील संमतीचा संबंध दिसत नाही. या उणिवेतून निरपराध साधनावर शिक्का आणि गुन्ह्याच्या वेळी मौन असे दोन परस्परविरोधी दोष कसे उद्भवतात, हे १९९८ ते २०२३ या काळातील काही घटनांच्या आधारे येथे तपासले आहे.

बीजशब्द : अँटिव्हायरस, दूरस्थ व्यवस्थापन, वर्गीकरण, संमती, अपवाद यादी.

१. प्रास्ताविक

संगणकाच्या पडद्यावर उमटणारा ‘धोका आढळला’ हा संदेश कार्यालयीन व शैक्षणिक जीवनाचा परिचित भाग झाला आहे. तो वाचणारा त्यामागील तर्क बहुधा तपासत नाही. तसे करण्याचे साधनही त्याच्याकडे नसते. संदेशावर विश्वास ठेवणे किंवा त्याकडे दुर्लक्ष करणे, एवढेच दोन मार्ग त्याच्यापुढे उरतात. म्हणूनच या संदेशाची भाषा हा केवळ संगणकशास्त्राचा विषय न राहता व्यापक चिकित्सेचा विषय ठरतो.

येथे आरंभीच एक भेद करणे आवश्यक आहे. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या कंपनीच्या एका अद्ययावत संचाने विंडोज एक्सपी या प्रणालीतील एक मूलभूत फाईल विषाणू समजून बाजूला काढली आणि त्यामुळे जगभर असंख्य संगणक बंद पडले. ही निव्वळ चूक होती. ती लक्षात येताच दुरुस्त झाली आणि तिच्या चूक असण्याविषयी कोणाचाही मतभेद नव्हता. दूरस्थ व्यवस्थापन साधनांबाबत मात्र असे म्हणता येत नाही. तेथे अँटिव्हायरसने फाईल अचूक ओळखलेली असते. तिचे नाव, आवृत्ती व निर्माता त्याला ठाऊक असतो. सर्व ठाऊक असूनही तो इशारा देतो. म्हणजे येथे ओळख बरोबर असून मूल्यनिर्णय विवाद्य आहे. प्रस्तुत लेखाचा रोख या मूल्यनिर्णयावर आहे.

२. साधनांचे स्वरूप आणि तपासणीची मर्यादा

एका जागी बसून दुसऱ्या ठिकाणचा संगणक चालविण्याची सोय देणाऱ्या प्रोग्रामांना येथे दूरस्थ व्यवस्थापन साधने म्हटले आहे. व्हीएनसी हे त्यांपैकी एक प्रसिद्ध साधन केंब्रिज येथील ऑलिव्हेटीच्या संशोधन प्रयोगशाळेत विकसित झाले व १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात सर्वांना खुले झाले. त्याची रचना साधी आहे. दूरच्या संगणकाच्या पडद्यावरील चित्राचा जो भाग बदलतो तो जाळ्यातून पाहणाऱ्याकडे पाठविला जातो. आणि पाहणाऱ्याच्या कळफलकावरील व माऊसवरील हालचाली उलट दिशेने त्या संगणकापर्यंत पोहोचविल्या जातात.

मार्क रसिनोविच यांचे पीएसएक्झेक हे साधन याहून वेगळे आहे. ते दूरच्या संगणकाच्या प्रशासकीय फोल्डरात एक लहान फाईल ठेवते, तिला सेवा म्हणून सुरू करते आणि तिच्यामार्फत हवी ती आज्ञा पार पाडते. शंभर संगणकांवर एकच दुरुस्ती करावयाची असल्यास प्रत्येक खुर्चीपर्यंत जाण्याचे श्रम त्यामुळे वाचतात. रसिनोविच यांची कंपनी २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली, तेव्हापासून हे साधन मायक्रोसॉफ्टकडूनच वितरित होते.

आता या वर्णनातून साधनांची नावे वगळून पाहावे. जाळ्यावर कान देऊन बसणे, पडद्याचे चित्र बाहेर पाठविणे, कळफलकाचा ताबा घेणे, दुसऱ्या संगणकावर फाईल ठेवून ती चालविणे, संगणक सुरू होताच आपोआप जागे होणे : हीच यादी एखाद्या घुसखोर प्रोग्रामचीही असू शकते. अँटिव्हायरस फाईलमधील ठरावीक खुणा पाहतो, तिच्या वर्तनाचा अंदाज घेतो, तिच्यावरील डिजिटल स्वाक्षरी तपासतो. या सर्व बाबी फाईलशी निगडित आहेत. ‘हे साधन येथे कोणाच्या परवानगीने आले?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र फाईलमध्ये लिहिलेले नसते.

फ्रेड कोहेन यांनी १९८४ च्या आपल्या निबंधात, कोणताही प्रोग्राम विषाणू आहे की नाही हे अचूक सांगणारी सार्वत्रिक पद्धत असू शकत नाही, असे प्रतिपादन केले होते. तेथे विषाणूची ओळख स्वतःची प्रत दुसऱ्या प्रोग्रामात उतरविण्याच्या गुणावर आधारलेली होती. दूरस्थ व्यवस्थापन साधने स्वतःची अशी प्रत काढीत पसरत नाहीत. म्हणजे त्यांच्यापुरती अडचण गणिती अशक्यतेची नाही. ती याहून साधी व अधिक मानवी आहे. परवानगी हा प्रोग्रामचा गुणधर्म नसून दोन माणसांमधील व्यवहार आहे, ही ती अडचण होय.

३. नावाचा वाद : १९९८ आणि १९९९

या प्रश्नाला सार्वजनिक वादाचे रूप बॅक ऑरिफिस या प्रोग्राममुळे आले. ‘कल्ट ऑफ द डेड काऊ’ या अमेरिकन हॅकर गटाने ऑगस्ट १९९८ मध्ये लास व्हेगास येथील डेफकॉन संमेलनात तो प्रसिद्ध केला. त्याचे नाव मायक्रोसॉफ्टच्या बॅकऑफिस या उत्पादनाचे उघड विडंबन होते. जुलै १९९९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. या वेळी मूळ संकेतही खुला करण्यात आला आणि हे एक दूरस्थ व्यवस्थापनाचे साधन आहे, असा दावा गटाने आग्रहाने मांडला. अँटिव्हायरस कंपन्यांनी त्याला तत्काळ घातक ठरविले. गटाचा प्रतिवाद असा होता की, मायक्रोसॉफ्टच्या सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर या विक्रीच्या उत्पादनातही समोरच्याला न कळू देता त्याच्या संगणकाचे नियंत्रण घेण्याची सोय आहे. मग एकावर शिक्का व दुसऱ्याला मोकळीक कोणत्या निकषावर?

या प्रतिवादात खोडकरपणा होता, यात शंका नाही. बॅक ऑरिफिसचा प्रत्यक्ष वापर मोठ्या प्रमाणात इतरांच्या संगणकांत घुसण्यासाठीच झाला. तथापि प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू शुद्ध नसला म्हणून प्रश्न निकालात निघत नाही. निकष सामर्थ्याचा असेल तर दोन्ही उत्पादने एकाच रांगेत उभी राहतात. निकष निर्मात्याच्या प्रतिष्ठेचा असेल तर ते वर्गीकरण शास्त्रीय न राहता सामाजिक ठरते. निकष संमतीचा असेल तर तो तपासण्याची व्यवस्था अँटिव्हायरसमध्ये असावयास हवी, आणि ती त्या काळी नव्हती.

याच सुमारास नेटबस या स्वीडिश प्रोग्रामचा प्रवास या संदिग्धतेवर अधिक प्रकाश टाकतो. १९९८ मध्ये आलेल्या या प्रोग्रामची ‘प्रो’ आवृत्ती फेब्रुवारी १९९९ मध्ये व्यवस्थापनाचे साधन म्हणून बाजारात आली. त्याच वर्षी स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील एका विधी-अभ्यासकाच्या कार्यालयीन संगणकावर नेटबसच्या साहाय्याने बालकांची अश्लील छायाचित्रे ठेवण्यात आली. ती त्यानेच उतरविली असे गृहीत धरले गेले. त्याचे संशोधनपद गेले आणि त्याला देश सोडावा लागला. संगणक दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात होता हे मान्य करून न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले, तेव्हा २००४ साल उजाडले होते. अध्यापनक्षेत्रातील वाचकाला या घटनेचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. अँटिव्हायरसने अशा साधनांची नोंद घेऊच नये, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही घटना ध्यानी ठेवली पाहिजे. साधनाची नोंद घेतली जावी की नाही, हा वाद येथे संपतो; ती कोणत्या शब्दांत घ्यावी, हा वाद उरतो.

४. एका नकारार्थी संज्ञेचे वाचन

अँटिव्हायरस कंपन्यांना ही अडचण समजली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कॅस्परस्की या कंपनीने अशा साधनांच्या नावापूर्वी ‘नॉट-अ-व्हायरस’ म्हणजे ‘विषाणू नाही’ असा उपसर्ग लावण्याची पद्धत ठेवली व त्यांतील एक उपवर्ग ‘रिमोटॲडमिन’ असा केला. ईसेट या कंपनीने ‘संभाव्य असुरक्षित’ असा स्वतंत्र वर्ग केला. त्यात अधिकृत परंतु दुरुपयोगास सोयीची साधने येतात आणि त्या वर्गाची तपासणी मुळात बंद ठेवलेली असते.

‘विषाणू नाही’ ही संज्ञा बारकाईने वाचण्याजोगी आहे. मराठी व्याकरणातील नञ् तत्पुरुषाप्रमाणे ती वस्तू काय नाही एवढेच सांगते. काय आहे हे सांगत नाही. शिवाय संज्ञेतील ‘नाही’ हा शब्द ज्या चौकटीत येतो ती चौकट विषाणूसाठीच केलेली असते. तोच लाल रंग, तीच सूचक ध्वनी, ‘काढून टाका’ असे तेच बटण. शब्द एक सांगतो आणि सादरीकरण दुसरेच सांगते. अशा विसंगतीत वाचक सादरीकरणावर विश्वास ठेवतो, हा वाचनव्यवहाराचा सर्वसामान्य अनुभव आहे. परिणामतः कंपनीने सूक्ष्म भेद केल्याचे श्रेय घेतले, परंतु तो भेद वाचकापर्यंत पोहोचला नाही.

पीएसएक्झेकच्या अधिकृत माहितीपत्रात अनेक वर्षे एक खुलासा आहे. काही अँटिव्हायरस या संचातील साधनांना ‘दूरस्थ प्रशासन’ विषाणूची लागण झाल्याचे सांगतात. या साधनांत विषाणू नाही, परंतु विषाणूंनी त्यांचा वापर केला असल्याने असे इशारे येतात, असा त्याचा आशय आहे. निर्मात्याला आपल्या साधनाचे चारित्र्य स्वतःच प्रमाणित करावे लागते आणि दोषाचे कारण म्हणून इतरांच्या गैरवापराकडे बोट दाखवावे लागते, ही स्थिती बोलकी आहे.

हा खुलासा खोटा नाही आणि इशाराही निराधार नाही. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून पसरलेल्या नॉटपेट्या या विध्वंसक प्रोग्रामने पळविलेल्या प्रवेशाधिकारांच्या बळावर एका संगणकावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी पीएसएक्झेकचाच उपयोग केला. मर्स्क या जहाज कंपनीचे कामकाज त्यामुळे कोलमडले आणि त्याची झळ न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनललाही पोहोचली. म्हणजे युक्रेनमधील हल्ल्यात वापरलेले व्यवस्थापकाचे हत्यार रायगड जिल्ह्यातील कंटेनरांच्या खोळंब्याचे एक कारण ठरले. पीएसएक्झेकला निरपवाद निर्दोष ठरविण्याची भूमिका म्हणूनच टिकत नाही. परंतु त्या दिवशी उपयोगाची ठरली असती अशी माहिती ‘येथे पीएसएक्झेक आहे’ ही नव्हती. ‘हे साधन आता अनपेक्षित ठिकाणाहून, अनपेक्षित खात्याने, एकाच वेळी अनेक संगणकांवर चालविले जात आहे’ ही होती.

५. परस्परविरोधी दोन दोष

सततच्या इशाऱ्यांचा पहिला परिणाम म्हणजे अपवाद यादी. प्रयोगशाळेतील पन्नास संगणक सांभाळणारा कर्मचारी दररोज आपलेच साधन विलग झालेले पाहतो, तेव्हा तो ते साधन, आणि पुष्कळदा संपूर्ण फोल्डर, तपासणीतून वगळतो. ‘लांडगा आला’ या कथेतील गावकऱ्यांप्रमाणे त्याची इशाऱ्यावरील श्रद्धा ओसरते. यात त्याचा दोष अल्प आहे. व्यवस्थेने त्याला दुसरा व्यवहार्य मार्ग ठेवलेला नसतो.

या सवयीची किंमत २ जुलै २०२१ रोजी दिसून आली. कसेया या अमेरिकन कंपनीच्या दूरस्थ व्यवस्थापन प्रणालीतील उणिवेचा फायदा घेऊन रेव्हिल या खंडणीखोर टोळीने तिच्या ग्राहकांच्या ग्राहकांपर्यंत मजल मारली. सुमारे ८०० ते १५०० उद्योगांना फटका बसल्याचा कंपनीचा अंदाज होता. स्वीडनमधील कूप या किराणा साखळीची शेकडो दुकाने गल्ल्यावरील यंत्रे न चालल्याने बंद राहिली. या प्रणालीचे काम अडू नये म्हणून तिचे फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळावेत, अशी सूचना निर्मात्यानेच पूर्वी दिलेली होती. हल्लेखोरांची फाईल नेमकी तशा वगळलेल्या फोल्डरात येऊन पडली. विशेष म्हणजे पुढील टप्प्यात त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरसचीच एक जुनी अधिकृत फाईल आपल्या प्रोग्रामला वाहन म्हणून वापरली. खोट्या इशाऱ्यांवर उपाय म्हणून काढलेली वाट खऱ्या शत्रूच्या उपयोगी पडली.

दुसरा दोष याच्या नेमका उलट आहे. प्रतिष्ठित कंपनीची डिजिटल स्वाक्षरी असलेले साधन गुन्हेगाराच्या हाती गेले तर अँटिव्हायरस बहुधा गप्प राहतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना एनीडेस्क या ॲपच्या गैरवापराविषयी सावध केले. ग्राहकाला फोन करून ते ॲप घ्यावयास लावणे, त्यावर दिसणारा नऊ अंकी क्रमांक विचारून घेणे, आवश्यक त्या परवानग्या द्यावयास लावणे आणि मग त्याच्याच मोबाइलवरून यूपीआयद्वारे रक्कम काढणे, अशी ती पद्धत होती. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील सिसा, एनएसए आदी संस्थांनी संयुक्त पत्रकाद्वारे स्क्रीनकनेक्ट व एनीडेस्क यांच्या अशाच वापराविषयी इशारा दिला. अशा अधिकृत साधनांमुळे अँटिव्हायरस सहसा जागा होत नाही आणि संगणकात रीतसर स्थापना न करता चालणारी त्यांची रूपे कार्यालयीन निर्बंध चुकवितात, हे त्यात स्पष्टपणे नमूद केले होते.

‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही म्हण येथे सहज आठवते; परंतु ती पूर्णतः लागू पडत नाही. म्हणीतील चोर आणि संन्यासी या दोन भिन्न व्यक्ती आहेत. येथे एकच साधन सकाळी प्रयोगशाळेत संन्यासी असते आणि सायंकाळी फसवणाऱ्याच्या हाती चोर होते. साधनांची ‘चांगली’ व ‘वाईट’ अशी यादी कितीही काळजीपूर्वक केली तरी ती अपुरी पडणार, याचे कारण हे आहे.

६. कायद्याची दृष्टी

याच प्रश्नाचा विचार कायद्याने कसा केला, हे पाहणे उद्बोधक आहे. भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० मधील कलम ४३ मध्ये ‘संगणक दूषितक’ या संकल्पनेची व्याख्या अतिशय व्यापक आहे. संगणकातील माहिती बदलणाऱ्या, नोंदविणाऱ्या, पाठविणाऱ्या किंवा त्याच्या नेहमीच्या कार्याचा ताबा घेणाऱ्या आज्ञांचा समूह तिच्या कक्षेत येतो. केवळ व्याख्या वाचली तर कोणतेही दूरस्थ व्यवस्थापन साधन तिच्यात बसेल. परंतु कलमाचा आरंभच मालकाच्या किंवा संगणकाचा प्रभार असलेल्या व्यक्तीच्या परवानगीवाचून केलेल्या कृत्यापासून होतो. पुढे कलम ६६ अशा कृत्यास अप्रामाणिक वा कपटी हेतूची जोड असल्यास शिक्षा सांगते. सामर्थ्य, संमती आणि हेतू अशी ही त्रिस्तरीय रचना आहे. अँटिव्हायरस यांपैकी केवळ पहिल्या पायरीवर उभा राहून तिसऱ्या पायरीचा निकाल जाहीर करतो.

अमेरिकेतही दिशा हीच दिसते. नॅनोकोर या प्रोग्रामच्या कर्त्याने आपले उत्पादन दूरस्थ व्यवस्थापनासाठी असल्याचे म्हटले होते. मात्र ते घुसखोरांकडून वापरले जाणार हे जाणून विकल्याचे त्याने कबूल केले आणि २०१८ मध्ये त्याला ३३ महिन्यांची कैद झाली. येथे निर्णायक ठरले ते प्रोग्रामचे सामर्थ्य नव्हे, तर विक्रेत्याचे ज्ञान व हेतू.

दुसरीकडे, शिक्का मारणाऱ्याला मात्र बरीच मोकळीक आहे. झँगो विरुद्ध कॅस्परस्की या खटल्यात २००९ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने अँटिव्हायरस कंपनीला वर्गीकरणाबाबत कायदेशीर संरक्षण मान्य केले. एनिग्मा विरुद्ध मालवेअरबाइट्स या खटल्यात २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने स्पर्धकाला रोखण्याच्या हेतूने केलेल्या वर्गीकरणास हे संरक्षण मिळणार नाही, अशी मर्यादा घातली. या संरक्षणामागे कारण आहे. प्रत्येक इशाऱ्यामागे खटल्याची भीती असेल तर इशारे बंद होतील. परंतु जेथे कायद्याचे उत्तरदायित्व कमी तेथे भाषेचे उत्तरदायित्व अधिक असावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

७. काही सूचना

संमती फाईलमध्ये नसली तरी तिच्या खुणा परिस्थितीत असतात. साधन रीतसर स्थापित झाले की ईमेलच्या जोडपत्रातून तात्पुरत्या फोल्डरात येऊन चालू झाले? फाईलचे मूळ नाव बदलले आहे काय? समोर बसलेल्याला दिसणारे चिन्ह लपविले आहे काय? संस्थेच्या व्यवस्थापकाने ते मान्य साधन म्हणून नोंदविले आहे काय? यांपैकी बहुतेक प्रश्नांची उत्तरे आजच्या प्रणालींना मिळविता येतात आणि वर्तन तपासणाऱ्या काही प्रगत प्रणाली ती मिळवितातही. त्या उत्तरांनी इशाऱ्याचे वाक्य घडले पाहिजे. ‘धोका आढळला’ याऐवजी ‘या साधनाने दुसरी व्यक्ती आपला संगणक पाहू व चालवू शकते, ते आज ११ वाजता ईमेलमधून आले, आपण ते स्वतः मागविले होते काय?’ असे वाक्य साधनावर निकाल देत नाही, परंतु माणसाला निर्णय घेण्याजोगे ज्ञान देते. कलम ४३ मधील परवानगीचा प्रश्न त्यात साध्या मराठीत येतो.

महाविद्यालयांपुरते सांगावयाचे तर, कोणते दूरस्थ साधन कोणाच्या अधिकारात व कोणत्या संगणकांवर चालेल याची लेखी नोंद असावी. संपूर्ण फोल्डर वगळण्याऐवजी स्वाक्षरी व आवृत्ती पाहून नेमके तेवढेच साधन मान्य करावे. आपल्या संगणकावर असे साधन आहे हे तेथे बसणाऱ्या अध्यापकाला ठाऊक असावे. लुंड येथील प्रकरण हा याचा सर्वांत सबळ आधार आहे.

८. निष्कर्ष

अधिकृत दूरस्थ व्यवस्थापन साधनांवरील इशारे ही अँटिव्हायरसची सरसकट चूक नाही. त्या साधनांची नोंद घेतली जाणे योग्यच आहे. दोष आहे तो सामर्थ्यालाच दुष्ट हेतू समजणाऱ्या शब्दकळेत. या शब्दकळेने एकीकडे प्रामाणिक व्यवस्थापकाला तपासणी बंद करावयास शिकविले आणि दुसरीकडे स्वाक्षरी असलेल्या साधनाने लुबाडल्या जाणाऱ्या सामान्य माणसाला वेळीच सावध केले नाही. हे दोन्ही दोष एकाच अनुत्तरित प्रश्नातून आले आहेत : हे साधन येथे कोणाच्या संमतीने आहे? हा प्रश्न यंत्राने स्वतः सोडवावा असा आग्रह नाही. त्याने तो योग्य माणसाला, योग्य वेळी व समजेल अशा भाषेत विचारावा, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे.